बसून घेतलेले माप

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात कापडाचे दोन तुकडे येत. एक आम्हां भावंडांसाठी, रंगीत. दुसरा वडिलांसाठी, खाकी आणि जाडाभरडा. वडील साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते. दिवाळीच्या मागेपुढेच उसाचा गळीत हंगाम सुरू होई, म्हणून कामाची नवी विजारही याच दिवसांत शिवावी लागे. आम्ही नवे कपडे घालून फटाके उडवीत असू, तेव्हा ती विजार खुंटीवर आपल्या पाळीची वाट पाहत असे.

या विजारीमागे आमच्या मुलखाचा लहानसा इतिहास दडलेला आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

१८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळांवर ऊस उभा राहिला. उसामागून गुऱ्हाळे आली. पुढे १९३३-३४ च्या सुमारास वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना इंदापूर तालुक्यातील कळंबजवळ सुरू झाला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. १९५० नंतरच्या दशकात माळेगाव, भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. नांगर धरणारा माणूस पाना-हातोडी धरू लागला. परंतु त्याच्या अंगावर धोतरच होते.

धोतराला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याला शिवणच नाही, तेव्हा ती उसवण्याचा प्रश्न येत नाही. उकिडवे बसा, मांडी घाला, झाडावर चढा, ते कोठे अडत नाही. शेतीच्या कामाला याहून सुखाचे वस्त्र सापडणे कठीण. पण यंत्राला सैल कापड फार आवडते. १९४८ च्या कारखाने कायद्यात म्हणूनच असे घातले गेले की, चालत्या यंत्राची तपासणी करणे, त्याला वंगण घालणे असली कामे अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या, खास शिकवलेल्या माणसानेच करावीत. आणि ते कपडे मालकाने पुरवावेत.

माळावरच्या गुऱ्हाळात कायद्याचे पुस्तक कोण उघडणार? माझे आजोबा एका गुऱ्हाळात चरकावर होते. एके पहाटे इंजिनाच्या पट्ट्याने त्यांच्या धोतराचा सोगा धरला. कोणीतरी धावत जाऊन इंजिन बंद केले म्हणून जीव वाचला. कंबरेचे हाड मात्र कायमचे गेले. पुढे आयुष्यभर ते काठी टेकीत चालले. वडील कामाला लागले तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, "मशिनीपाशी धोतर नेसून जायचं न्हाई."

वडिलांनी पहिली विजार शिवली, आणि ती आठवड्याच्या आत मधोमध फाटली! चूक कापडाची नव्हती. साहेबाच्या देशात कारागीर उभ्याने, टेबलापाशी काम करतो. विजारीचा तो काट तिकडून आला. आमचा फिटर पंपापुढे उकिडवा बसतो, सुतार पायाच्या अंगठ्याखाली फळी दाबून धरतो, गवंडी फरशीवर गुडघे टेकतो. उभ्याचे माप बसलेल्या माणसाला कसे पुरावे?

ती फाटकी विजार घेऊन वडील बारामतीतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे गेले. त्याने ती उलटी करून पाहिली आणि म्हणाला, "मिस्तरी, उकिडवं बसा बघू."

"ह्ये कसलं माप?"

"काम बसून करताय न्हवं? मग माप उभ्यानं घेऊन काय उपेग?"

त्याने सीट मोकळी ठेवली आणि दोन्ही पायांच्या मध्ये मियानी घातली. पायजम्याची ही जुनी मियानी म्हणजे चौकोनी ठिगळच. पण ताण एका शिवणीवर न पडता चारी बाजूंना वाटला जातो. शिवणीवर दुहेरी टीप, गुडघ्याला दुसरा पदर, खिशांच्या कोपऱ्यांना दोऱ्याचे दाट टाके. खालचा घेर बेताचा, पट्ट्यात न सापडणारा. आणि त्याला बाहेरून दुमड नाही, कारण वेल्डिंगची ठिणगी दुमडीत जाऊन बसते. तेव्हा टेरिकॉटची चलती होती. शिंप्याने ते साफ नाकारले. सुती कापड जळले तर त्याची राख होते; टेरिकॉट वितळून कातडीला चिकटते. त्याने दिले ते तिरप्या विणीचे सुती ड्रिल.

असाच एक शिंपी अमेरिकेत नेवाडा प्रांतातल्या रेनो गावी होता. त्याचे नाव जेकब डेव्हिस. एका लाकूडतोड्याच्या बायकोने त्याला नवऱ्यासाठी न फाटणारी विजार मागितली. त्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिव्हेटा ठोकल्या. कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्या भागीदारीत त्याला २० मे १८७३ रोजी त्याचे पेटंट मिळाले. आज जगभर मिरवणारी जीन ती हीच. गंमत अशी की, कामगारांच्या जाड्या विजारीला इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात, तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला, असे शब्दकोश सांगतात. तिथे विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाचे ते नाव सतराव्या शतकापासून इंग्रजीत सापडते. आपल्या कापडाने जग फिरून यावे, आणि आपण त्याला परदेशी म्हणावे!

आजोबा गेले, तो शिंपीही गेला. वालचंदनगरच्या कारखान्यातून आता अग्निबाणांचे भागही बनून जातात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कपड्यांचे कारखाने उभे राहिले आहेत. तयार विजारींना दुकानांत तोटा नाही.

यंदा माझा पुतण्या फिटरचा कोर्स संपवून कामाला लागला. दिवाळीच्या खरेदीला मी त्याच्याबरोबर गेलो. त्याने एक घट्ट, चकचकीत पँट पसंत केली आणि आरशापुढे उभा राहिला. मी म्हणालो, "बाळा, उकिडवा बस."

"काका, लोक बघतायत!"

"बघू देत."

तो लाजत लाजत बसू लागला आणि अर्ध्यातच अडकला. दुकानातली पोरे हसली. हसू ओसरल्यावर दुकानदाराने वरच्या फळीवरून एक जाडी, सुती, साधी पँट काढून दिली. ती घालून पुतण्या पार खाली बसला, पुढे वाकला, हात लांबवून न दिसणारा एक नट त्याने पिळला आणि सहज उठला.

घरी आल्यावर वडिलांनी ती पँट उलटी करून शिवण पाहिली. मग आतल्या खोलीत जाऊन त्यांनी ती खुंटीला अडकवली. त्याच खुंटीला, जिच्याखाली भिंतीशी आजोबांची काठी अजून उभी आहे.