आजोबांचे डोळे कुणाला मॅच होणार?

आजचा एपिसोड आजोबांमुळे सुचला. ते गेले त्या रात्री आयबँकेची माणसं घरी आली. रक्ताचा नमुना घेताना बघून आई म्हणाली, "बाबांचा ग्रुप एबी निगेटिव्ह. मॅच नाही झाला तर डोळे वाया जातील का हो?" टेक्निशियन म्हणाला, "मॅचिंग लागत नाही काकू. रक्त एचआयव्ही, काविळीच्या तपासणीला."

किडनीला लागतं, मग डोळ्याला का नाही? तेव्हापासून हा किडा डोक्यात वळवळतोय.

चला, 1905 मध्ये. 7 डिसेंबर, ओलोमोउत्स, आजच्या चेकियातलं गाव. चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर डॉ. एडुआर्ड झिर्म यांच्यासमोर होता. झिर्मनी त्याला 11 वर्षांच्या मुलाच्या, अपघातात निकामी झालेल्या डोळ्याचा कॉर्निया बसवला, म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा. दोन्ही डोळ्यांवर प्रयत्न केला, त्यातला एक टिकला! टिश्यू टायपिंग तेव्हा कुठलं? पेशींवरची एचएलए नावाची ओळखपत्रं जाँ दोसे यांना सापडली 1958 मध्ये.

तरी टिकला, कारण निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात. शरीराचे पहारेकरी तिथे सहज पोचत नाहीत. पुढे 1930च्या दशकात ओडेसाच्या फिलातोव्ह यांनी मृतांचे कॉर्निया वापरून दाखवले आणि नेत्रदान खऱ्या अर्थाने शक्य झालं.

पण जखमेमुळे किंवा आधीचं रोपण फसल्यामुळे कॉर्नियात रक्तवाहिन्या शिरल्या, की धोका वाढतो. मग अशा पेशंटसाठी तरी एचएलए जुळवायचं का? यावर डॉक्टर वर्षानुवर्षं भांडले. हॉलंडमधल्या लायडनचे संशोधक म्हणत, फायदा होतो. 1992 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने सांगितलं, अशा पेशंटमध्येही फरक दिसला नाही. ब्लड ग्रुप जुळवला तर कदाचित थोडा.

इथे मला आमचं डिबगिंग आठवलं. जुन्या टायपिंगला दात्याच्या जिवंत पांढऱ्या पेशी लागत. मृत्यूनंतर काही तासांत त्या खराब होतात, मग उत्तर चुकतं. इनपुटच गंडलेलं असेल तर निकालावर विश्वास कसा ठेवायचा? नंतर डीएनए टायपिंग आलं, त्याला जिवंत पेशी लागत नाहीत. ब्रिटनमधल्या पुढच्या अभ्यासातही एचएलए-डीआर जुळवून नकार कमी झाला नाही.

आणि वाट बघण्याची किंमत असतेच. थंड द्रावणातला कॉर्निया थोडेच दिवस टिकतो.

आजोबांचे दोन्ही कॉर्निया चौथ्या दिवशी दोघांना बसवले, असं फोनवर कळलं. आईने लगेच विचारलं, "ग्रुप कुठला होता त्यांचा?" पलीकडचा माणूस हसला.