वाफ्यापासून कुरणापर्यंत : बालवर्गातील निसर्गकार्याची परंपरा

शाळेच्या इमारतींचा, निकालांचा आणि मानसन्मानांचा इतिहास या स्मरणिकेत अन्यत्र आलेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने लहान आहे. बालवर्गातील मुले बी पेरतात, पाने गोळा करतात, चिंचोके आणि शिंपले वेगळे करतात. या कामाची परंपरा कोठून आली, हे येथे पाहावयाचे आहे. अनेक पालकांना हे काम म्हणजे खरा अभ्यास सुरू होण्यापूर्वीचा विरंगुळा वाटतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

या परंपरेचा आरंभ जर्मनीत झाला. तरुणपणी वनखात्याच्या कामाची उमेदवारी केलेल्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे ‘मुलांची बाग’, असे नाव दिले. हे नाव केवळ अलंकारिक नव्हते. तेथे खरोखरीची बाग होती. प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा असे आणि त्याबरोबरच सर्वांची मिळून सामायिक बागही असे. आपल्या वाफ्यातील रोप सुकले तर त्याचे कारण आपणच शोधायचे आणि सामायिक बागेत मात्र इतरांच्या बरोबरीने राबायचे, असा हा दुहेरी संस्कार होता. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये या शाळांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल निवर्तले आणि १८६० मध्ये बंदी उठली. तोवर ही कल्पना इतर देशांत पोहोचली होती.

विसाव्या शतकात मारिया माँटेसरी यांनी बालशिक्षणाला शास्त्रीय निरीक्षणाची बैठक दिली. त्यांचे पहिले बालगृह रोम येथे १९०७ मध्ये सुरू झाले. त्या १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. मद्रासजवळील अड्यार आणि त्यानंतर कोडाईकनाल येथील वास्तव्यात, सारी सृष्टी परस्परांशी कशी बांधलेली आहे हे मुलांना दाखविण्याचा त्यांचा विचार विस्तारला. त्या येण्यापूर्वीच त्यांच्या पद्धतीला भारतीय रूप देण्याचे काम भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत सुरू झाले होते. तेथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर स्थापन केले. राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयातील प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. दोघांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

यापुढचा टप्पा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. माँटेसरी पद्धतीची साधने मोजूनमापून तयार केलेली आणि म्हणून महाग होती. शहरातील सुखवस्तू घरांच्या पलीकडे ती पोहोचणे शक्य नव्हते. ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्या कामात सामील झाल्या. दोघींनी साधनामागील हेतू ओळखला आणि साधन बदलले. समुद्रकाठचे शंख-शिंपले, झाडांच्या बिया, पाने, फुले, खडे हेच शैक्षणिक साहित्य झाले. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद त्यांतून शिकता येत होते. मोजणी, मांडणी आणि रंगांची ओळखही होत होती.

तरीही काही मुले बालवाडीत येत नव्हती. गरिबी, जातिभेद आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी ही कारणे होती. तेव्हा शिक्षिकाच त्यांच्या वस्तीत गेल्या आणि घरापुढच्या अंगणात वर्ग भरू लागला. ती ‘अंगणवाडी’ झाली. पुढे १९५० च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे चारावयास जात, म्हणून शाळा त्यांच्या मागोमाग कुरणात गेली. ती ‘कुरणशाळा’ झाली. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हाच शब्द देशभर पोहोचला.

या इतिहासाचा मथितार्थ एवढाच की, आपल्या देशात निसर्ग हा बालशिक्षणात शोभेसाठी आला नाही. ज्या मुलाला शाळेचे दार बंद होते, त्याच्यासाठी तो दार होऊन आला. आणि गरजेपोटी स्वीकारलेले हे साहित्य विकतच्या साहित्याहून उणे ठरले नाही. कारखान्यातील शंभर मणी एकसारखे असतात, पण शंभर चिंचोक्यांतील दोनही अगदी सारखे नसतात, म्हणून मुलाला निरखून पाहावेच लागते. मूग एका रात्रीत मोड दाखवितो, भोपळ्याची बी कित्येक दिवस वाट पाहावयास लावते. वालाचे दोन दल उघडतात, मक्याचे एकच पान वर येते. दर सोमवारी रोपाच्या उंचीएवढी कागदी पट्टी कापून शेजारी शेजारी चिकटविली, तर अंक लिहिता न येणाऱ्या मुलाच्या हातून वाढीचा आलेख तयार होतो.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर दिला. या धोरणाचे स्वागत करीत असतानाच एक चिंता पालकांपुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजते. अलीकडे ‘प्रकल्प’ हा शब्द घरी पोहोचतो आणि रात्री उशिरापर्यंत आई-वडील थर्माकोल कापीत बसतात. सकाळी शाळेत येते ती देखणी प्रतिकृती. तिच्यात मुलाचा हात कोठेही नसतो. त्यापेक्षा वाकडातिकडा लावलेला, अर्धा उगवलेला आणि अर्धा कुजलेला वाफा अधिक मोलाचा आहे, कारण ‘हे का कुजले?’ हा प्रश्न त्या मुलाचा स्वतःचा असतो.

सदनिकांत वाढणाऱ्या आजच्या मुलांना अंगण नाही आणि कुरणही नाही. एका अर्थी तीही वंचितच आहेत. त्यांच्यासाठी शाळेच्या आवारातील एक कोपरा मोकळ्या मातीचा राहिला पाहिजे. त्यावर फरशी बसविण्याची सूचना कितीही सद्हेतूने आली, तरी ती नम्रपणे नाकारली पाहिजे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या परसातील, गावाकडील बिया बालवर्गाला आणून द्याव्यात. पालकांनी मुलांच्या खिशात सापडलेले खडे आणि चिंचोके फेकण्यापूर्वी त्यांविषयी मुलांना एकदा विचारावे. हीरक महोत्सवी वर्षात बालवर्गाची आपणांकडे एवढीच मागणी आहे.