घरगुती विमानोड्डाण सिम्युलेटर

घरच्या संगणकावर विमान चालवण्याचा अनुभव देणारी आज्ञावली व तिला जोडलेली उपकरणे. ब्रूस आर्टविक यांची पहिली आवृत्ती १९७९ मध्ये ॲपल-२ संगणकासाठी आली. मायक्रोसॉफ्टची १९८२ मध्ये. एक्स-प्लेन आणि मोफत मिळणारी फ्लाइटगिअर या इतर प्रमुख आज्ञावल्या होत.

जुळवणीची सुरुवात जॉयस्टिकपासून करावी. तिच्या मध्यबिंदूभोवती थोडा निष्क्रिय पट्टा ठेवून संवेदनशीलता कमी केली नाही, तर विमान सारखे डुचमळते आणि नवशिक्या स्वतःलाच दोष देत बसतो. रडर पेडल नंतर घेतली तरी चालतात.

खरे काम भूदृश्याचे. २०२० ची मायक्रोसॉफ्ट आवृत्ती उपग्रहचित्रे इंटरनेटवरून ओढते. जोडणी मंद असल्यास आवडीचा प्रदेश आधीच डिस्कवर साठवता येतो. एक्स-प्लेनचे भूदृश्य मुळातच डिस्कवर असते. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनप्रदेशात झाडे एकेक टिपलेली नसून आज्ञावलीने पेरलेली असतात. त्यामुळे ताडोब्याचा बांबू आणि साग ओळखू येईल अशी अपेक्षा धरू नये. चंद्रपूरजवळची मोरवा धावपट्टी किंवा औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या अपुऱ्या वाटल्यास एक्स-प्लेनच्या ‘वर्ल्ड एडिटर’ने हाताने मांडता येतात. नद्या मात्र दिशादर्शनाला उत्तम: वर्धा-वैनगंगा संगमापासून प्राणहितेचे पात्र धरून दक्षिणेकडे गेल्यास सिरोंचाजवळ गोदावरी लागते.

घरगुती सरावाचे तास वैमानिक परवान्यासाठी धरले जात नाहीत.