स्मृतिग्रंथांतील मूक-बधिर व त्यांची हस्तभाषा

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत (श्लोक २०१) दायविभागास अपात्र ठरविलेल्यांची जी गणना आहे, तींत जन्मान्ध, उन्मत्त व जड यांच्या जोडीस बधिर व मूक यांसहि बसविलेलें आहे. त्यांस यावज्जीव अन्नवस्त्र द्यावें व त्यांच्या संततीस वांटा मिळावा, असें पुढील श्लोकांत सांगितलें आहे. याज्ञवल्क्याच्या मूळ श्लोकांत बधिर-मूकांचा नामनिर्देश नाहीं. परंतु कल्याणच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळीं विज्ञानेश्वरानें मिताक्षरा रचिली, तींत श्लोकांतील 'आद्य' ह्या पदाच्या पोटीं त्यांचा समावेश केला. मिताक्षरा मानणाऱ्या कुटुंबांत हा निर्बंध सन १९२८ च्या कायद्यानें जन्मतः वेडे व जड यांखेरीज इतरांपुरता उठला, व १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें व्यंगमूलक अपात्रता सर्वथैव संपली.

येथवरची हकीकत धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस विदित आहेच. आमचें म्हणणें निराळें आहे. त्याच मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत (श्लोक १४९-१५०) राजानें मंत्रसमयीं जड, मूक, अंध, बधिर इत्यादिकांस दूर सारावें, असें सांगून कारण दिलें आहे, तें हें कीं, अवमानित झालेले लोक मंत्रभेद करितात. आतां ज्यास बोलतां येत नाहीं, त्यानें मंत्र फोडावा कसा? खुणेवांचून दुसरा मार्ग नाहीं. कारण लेखनाची विद्या त्यास कोण देणार? तेव्हां स्मृतिकारांस मुक्याच्या हातांस अर्थ सांगतां येतो हें ठाऊक होतें, असें अनुमान निघतें. वांटणीच्या वेळीं ज्यास वाणीहीन म्हणून वगळावयाचें, त्याच्याच वाणीचें मंत्रशाळेंत भय बाळगावयाचें, असा हा विरोध आहे. यादींत अंधादि इतरहि आहेत, म्हणून ह्या अनुमानावर फार मोठा भार घालूं नये. परंतु मुक्यापुरतें तें आम्हांस सबळ वाटतें.

कोणी म्हणेल, हातांची भाषा आपणांस नवी नाहीं. खरें आहे. कामसूत्रांतील चौसष्ट कलांत अक्षरमुष्टिकाकथन गणिलें आहे, व जयमंगला टीकेंत मुष्टि, किसलय, पताका, अंकुश अशा मुद्रा वर्णवर्गांस नेमून दिल्या आहेत. आपली करपल्लवी त्याच जातीची. वर्गासाठीं हाताची एक आकृति, वर्गांतील अक्षरासाठीं बोटें. परंतु ही ऐकणाऱ्या साक्षरांची गुप्त लिपि होय. तिला अगोदर वर्णमाला यावी लागते. जन्मबधिराची भाषा अक्षरें जुळवून होत नाहीं. तींत हाताची ठेवण, त्याची जागा, गति व मुद्रेवरील भाव मिळून शब्द होतो, आणि तिचें व्याकरण मराठी-हिंदीचें उसनें नाहीं. उदाहरणार्थ, भारतीय हस्तभाषेंत प्रश्नार्थक शब्द बहुधा वाक्याच्या शेवटीं येतो. ग्रंथकारांनीं खेळ तेवढा नोंदला, भाषा नोंदली नाहीं.

अर्वाचीन काळींहि तेंच झालें. सन १८८० त मिलान येथें भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनें मूकबधिरांस हातांनीं न शिकवितां मुखानें बोलावयास शिकवावें, असा ठराव केला. त्याच दशकांत बिशप लिओ म्यूरिन यांनीं मुंबईंत मूकबधिरांची शाळा स्थापिली. पुढें आपल्या देशांतहि वर्गावर्गांतून मुखशिक्षणासच मान मिळाला. तरीहि हस्तभाषा वसतिगृहांत, क्रीडांगणावर व मंडळांच्या बैठकींत वाढत राहिली; वडील मुलांकडून धाकट्यांकडे गेली. स्वतः बधिर असलेले मदन वसिष्ठ यांनीं वुडवर्ड व विल्सन यांच्यासह दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील हस्तभाषा तपासून सन १९७८ त दाखविलें कीं, शब्दांत प्रांतभेद असला तरी व्याकरण एक आहे. सन २०१५ त दिल्लीस ह्या भाषेची शासकीय संस्था निघाली, व तिच्या कोशांत २०२१ पावेतों दहा हजार शब्द आले.

हें लिहितांना स्वतःचा एक दोष सांगणें भाग आहे. आम्ही अध्यापक असतां आमच्या वर्गांत एक बहिरा मुलगा दोन वर्षें शेवटच्या बांकावर बसे. वरील दोन्ही श्लोकांत जड व मूक हे शब्द एकाच समासांत लागून आले आहेत. आम्हींहि तीच सांगड घालून त्यास मंद ठरविलें. मधल्या सुटींत तो आपल्या बहिऱ्या बहिणीशीं हातांनीं भराभर बोले व दोघें हंसत, हें आम्ही पाहत होतों. पण ती भाषा आहे, असें मनांत आलें नाहीं. समासविग्रह शिकविणाऱ्यास एवढा विग्रह करतां आला नाहीं.

आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति आहे. जुन्या महजरांवर अक्षरशून्य कुणब्यानें केलेली नांगराची निशाणी आपण पुरावा म्हणून मानतों. मग वाटणीपत्रें व फारखत्या चाळतांना मुका, बहिरा, खूण हे शब्द दिसतील तेथें थांबावें, व तो कागद निराळा नोंदवावा. त्याहून जरुरीचें काम दप्तराबाहेरचें आहे. वृद्ध बधिर स्त्रीपुरुषांच्या हातांतील जुने शब्द त्यांच्या संमतीनें व त्यांच्याच मंडळींच्या साह्यानें चलच्चित्रांत टिपून ठेवावे. पोथीची नक्कल दुसऱ्या दप्तरांत सांपडूं शकते. हे शब्द त्या हातांबरोबरच जातात.