परसदारचा इतिहास : महाड-पोलादपूरची माती आणि आपली झाडे

राजेरजवाड्यांच्या बागांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कोठे कारंजी होती, कोठे द्राक्षांचे मांडव होते, हे आपण वाचतो. पण घरामागच्या परसूचा इतिहास मात्र कोणी लिहून ठेवलेला नाही. वास्तविक परसू म्हणजे बायकांनी पिढ्यान् पिढ्या चालविलेली प्रयोगशाळाच. कोणते झाड जगले, कोणते पहिल्याच पावसात कुजले, कोणते वैशाखात करपले, याची नोंद कागदावर नसली तरी सासूकडून सुनेकडे ती आलेली आहे. मंडळाच्या या स्मरणिकेत त्या नोंदवहीची चार पाने उलगडावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे माहेर महाडचे, नदीकाठच्या सखल भागातले, आणि सासर पोलादपूर तालुक्यातले, डोंगरउतारावरचे. दोन गावांत अंतर थोडे, पण माती दोन तऱ्हेची. महाडला सावित्री आणि गांधारी यांनी आणून टाकलेला गाळ आहे. जमीन खोल, पण पावसाळ्यात चिबड. पोलादपूरकडे वरकस जमीन. वीतभर तांबूस माती, खाली काळा खडक. वर पडलेले पाणी घटकाभर थांबत नाही. एका ठिकाणी झाडाचे पाय पाण्यात राहतात, तर दुसऱ्या ठिकाणी ते उघडे पडतात.

दोन्हीकडे पाऊस मात्र सारखाच आडदांड. वर्षाला सुमारे तीन हजार मिलीमीटर किंवा त्याहून अधिक, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे आठ महिने आकाश कोरडे. समुद्राचा वारा येथवर पुरतेपणी पोचत नाही, म्हणून चैत्र-वैशाखात उन्हाचा ताव किनाऱ्यापेक्षा जास्त. तेव्हा आपल्याकडच्या झाडाला दोन परीक्षा द्याव्या लागतात: आषाढात बुडून मरायचे नाही आणि वैशाखात वाळून मरायचे नाही. दोन्हींत उतरेल तेच आपले झाड.

ही निवड आपल्या पूर्वजांना ठाऊक होती, याचे दाखले आहेत. आपल्या तालुक्यातील शिवथरघळ ही दासबोधाची जन्मभूमी, अशी परंपरा आहे. त्याच समर्थ रामदासांचे ‘बाग प्रकरण’ म्हणून एक छोटे प्रकरण आहे. त्यात झाडाझुडपांची, वेलींची, फुलांची नावे एकापाठोपाठ येतात. संन्यस्त पुरुषाला इतक्या झाडांची ओळख असावी याचे आश्चर्य वाटते. पण सह्याद्रीत हिंडणाऱ्याला ती नसेल तर नवल!

दुसरा दाखला रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चा. हे इ. स. १७१५-१६च्या सुमाराचे. त्यात गडावर कोणती झाडे असावीत याचा विचार आहे. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ असे थोर वृक्ष, लिंबू-नारिंगासारखी लहान झाडे, फुलझाडे आणि वेली, जे जे रुजेल ते लावावे व जतन करावे, असा त्याचा आशय. आरमारासाठी लाकूड तोडतानाही रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, असेही तेथे बजावले आहे. ज्या रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला त्याच्याच पायथ्याशी आपण राहतो. या आज्ञेचा वारसा आपल्याकडे सर्वांच्या आधी येतो.

आता परकीय पाहुण्यांकडे वळू. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हापासून अमेरिकेतली कितीतरी झाडे कोकणात उतरली. काजू, पेरू, पपई, अननस, मिरची ही त्यांतलीच. आपला दसरा ज्याच्यावाचून होत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा, आणि निशिगंधही तिकडचाच. गुलबाक्षी अमेरिकेची, देवचाफाही अमेरिकेचा. गुलमोहर मादागास्करचा. दारावर चढविलेली बोगनवेल ब्राझीलची. बुगेनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या १७६६ ते १७६९च्या सफरीवरून तिला नाव मिळाले. उलट गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ता यांच्या ग्रंथात आपल्या कोकमाची, म्हणजे भिरंडाची, नोंद आहे. झाडांचे येणेजाणे दोन्ही बाजूंनी चालू होते.

याचे तात्पर्य असे की, ‘देशी तेवढे चांगले आणि विलायती तेवढे वाईट’ हा निवाडा परसदारात चालत नाही. मिरची परकी म्हणून आपण टाकली नाही, कारण ती येथे रमली. पण प्रत्येक पाहुणा असा गुणी निघतो असे नाही. घाणेरी, जिला आपण टणटणी म्हणतो, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झाड म्हणून आली. कुंपण ओलांडून ती देशभर पसरली आणि आज आपल्या डोंगरांवर करवंदांची जागा खाऊन बसली आहे. नवे झाड आणताना ‘हे जगेल का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘हे आवरेल का?’ असेही विचारावे लागते.

इंग्रजी अमदानीत या विषयाला शास्त्राची जोड मिळाली. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होते. तेथील डॉ. अलेक्झांडर गिब्सन पुढे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जॉन ग्रॅहम यांनी १८३९ मध्ये मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची छापली, आणि थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. परसातले झाड मूळचे कोठले, रानात ते कोणत्या जागी वाढते, हे शोधायला असे ग्रंथ फार उपयोगी पडतात.

याच काळात आपल्या डोक्यावर महाबळेश्वर वसले. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की आपण सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर पोचतो. सावित्री तेथेच उगम पावते आणि आपल्या दारावरून वाहते. नदी एकच, परंतु हवामान दोन. तेथल्या थंडीत फुलणारे गुलाब आणि पिकणारी स्ट्रॉबेरी पाहून आपल्यालाही मोह होतो. घाट उतरताना पिशवीत एखादे रोप येते, माघात ते हसते आणि वैशाखात माना टाकते. त्यात रोपाचा दोष नाही आणि आपल्या हाताचाही नाही. घाटाची उंची पिशवीतून आणता येत नाही, एवढेच.

येथे एक गोष्ट सांगितल्याखेरीज हा इतिहास खरा होणार नाही. आठ कोरड्या महिन्यांत झाड जगते ते घागरीच्या पाण्यावर, आणि पाण्यावर सर्वांचा हक्क नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात संमत झाला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. ज्या घरातल्या बाईला पिण्याचे पाणीच मिळत नव्हते, तिने मोगऱ्याला काय घालावे? कोणाच्या दारी फूल उमलणार, हे मातीइतकेच पाण्याच्या हक्कानेही ठरत होते. परसूचे कौतुक करताना आपण हे विसरू नये.

आता जुन्या परसूची मांडणी पाहा. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ, अळू, कर्दळ आणि हळद. यांना ओल हवीच असते. तुळशीला पाणी तुंबलेले सोसत नाही, म्हणून ती वृंदावनात, उंच ओट्यावर. धर्म तर आहेच, पण पाण्याचा निचराही आपोआप साधतो. पारिजातक आणि मोगरा उंचवट्यावर, उन्हात. अबोली थोड्या सावलीत. अनंत आणि पेंटगूळ यांना आपली आंबूस तांबडी माती मानवते. बकुळ, सोनचाफा यांना खोल माती आणि मोकळी जागा. हद्दीवर करवंद, अडुळसा, निरगुडी यांची वई, कारण त्यांना गुरे सहसा तोंड लावत नाहीत आणि पाणीही घालावे लागत नाही. कोणी आराखडा काढला नव्हता. अनुभवाने झाडाला जागा मिळाली आणि जागेला झाड.

फळझाडांचेही तसेच. हापूसची ख्याती किनाऱ्याजवळच्या जांभ्या जमिनीची. आपल्याकडे रायवळ आंबा, फणस, जांभूळ आणि कोकम निर्धास्त वाढतात. सुधारित जाती हव्या असतील तर १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे पाहावे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला ‘रत्ना’ आंबा त्यांनी १९८१ मध्ये दिला. कोकणासाठी कोकणातच तपासलेले रोप, हा त्याचा मोठा गुण.

हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावात ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही घात झाला, आणि महाड शहर पुराखाली गेले. झाडे लावली की दरड थांबते, असे म्हणणे खोटे ठरेल. अतिवृष्टीत खोलवर भिजलेला डोंगर सुटतो, तेव्हा मुळांच्या खालूनच सुटतो. पण वरचा थर धरून ठेवणे, पाण्याचा वेग मोडणे, बांध राखणे हे काम योग्य झाड करते आणि अयोग्य झाड करीत नाही. उतारावर घरामागे माती कापून सपाट बाग करू नये. तेथे वाळा, कळक, करंज, करवंद अशी धरून बसणारी झाडे असावीत आणि पाण्याला वाट काढून द्यावी. पूर येणाऱ्या सखल भागात करंज, ताम्हण, नारळ, कर्दळ टिकाव धरतात. पपई मात्र दोन दिवस पाण्यात राहिली की गेलीच. गुलमोहराची मुळे उथळ आणि फांद्या ठिसूळ, म्हणून तो घराला लागून नको.

नवे झाड घेण्यापूर्वी भगिनींनी तीन गोष्टी कराव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. पहिली, हातभर खोल खड्डा करून पाण्याने भरावा. तासाभरात पाणी जिरले तर जमीन निचऱ्याची; दुसऱ्या दिवशीही उभे राहिले तर पाणथळ. दुसरी, आपल्या आळीत न जोपासता जोमाने वाढलेली झाडे कोणती, ते पाहून यावे. आणि तिसरी, घरच्या वडीलधाऱ्या बाईला विचारावे, “येथे पूर्वी काय होते?” या उत्तरात पन्नास पावसाळ्यांचा अनुभव असतो.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अलीकडे रोपे वाण म्हणून देण्याची चांगली चाल पडली आहे. पण संक्रांतीपासून पावसापर्यंत पाच कोरडे महिने असतात आणि पाण्याची ओढ असलेल्या घरी ते रोप ओझे होते. त्याऐवजी आपल्या परसातल्या हळदीचे कंद, सुरणाचे कोंब, गोकर्णीचे, पारिजातकाचे बी पुडीत बांधून द्यावे, आणि पुडीवर ते कोणाच्या दारचे, कोणत्या जमिनीतले, हे लिहावे. फडताळात ते सुखाने राहील आणि मृग लागला की मातीत जाईल. दहा वर्षे हे चालले, तर परसूचा जो इतिहास आजवर कोणी लिहिला नाही, तो आपल्या पुड्यांवर लिहिलेला सापडेल.