तात, तंत्री आणि तार : तंबोऱ्याच्या तारांची निवड

तंतुवाद्यांवर धातूच्या तारा केव्हापासून चढल्या, याचा निर्णय केवळ शब्दांच्या आधारे करण्याचा मोह अभ्यासकांस होतो. तो आधार कितपत भक्कम आहे, हे प्रथम पाहणे इष्ट होय.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग आहेत. ‘तत’ आणि ‘तंत्री’ हे दोन्ही शब्द ताणणे या अर्थाच्या ‘तन्’ या क्रियाधातूशी संबद्ध आहेत. ते ताण सांगतात, द्रव्य सांगत नाहीत. मराठी ‘तात’ त्याच कुळातील. परंतु तिचा अर्थ मुख्यतः आतड्याच्या दोरीपुरता संकोचला. ‘सतार’ हे नाव फारसी ‘सेह्-तार’ म्हणजे तीन तारांचे, यावरून आले. तथापि फारसीत ‘तार’ म्हणजे साधा धागाही होतो. सारांश, यांपैकी कोणताही शब्द जुन्या लेखात आढळला, एवढ्यावरून तेथे लोखंड वा पितळ होते असे ठरत नाही.

अशा वेळी प्रत्यक्ष वाद्याची साक्ष घ्यावी लागते. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शिकलगारांनी शस्त्रकाम सोडून सतार-तंबोरे घडविण्यास आरंभ केला. या परंपरेत फरीदसाहेबांचे नाव आद्य मानले जाते. २०२४ मध्ये तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्यावर सामान्यतः जोडाच्या तारा पोलादी व खर्जाची पितळी असते. ही विभागणी केवळ रूढीची नव्हे. तारेची लांबी व स्वर ठरले की प्रत्येक चौरस मिलिमीटरवर येणारा ताण द्रव्याच्या घनतेवरच अवलंबून राहतो. जाडी वाढविल्याने तो घटत नाही. ९० सेंटिमीटर लांबीची पितळी तार काळी एकच्या षड्जास, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झला, लावल्यास हा ताण सुमारे ५३० न्यूटन होतो. तो पितळेच्या सहनशक्तीच्या सीमेजवळचा आहे. पोलाद तो सहज पेलते. खर्ज एक सप्तक खाली असल्याने तेथे ताण चतुर्थांशावर येतो व पितळ निर्धास्त राहते. शिवाय पितळेची ताठरता पोलादाच्या निम्मी असल्याने जाड तारेतही उपस्वर फारसे ढळत नाहीत. आणि जवारीचा सारा गुंजारव उपस्वरांवरच उभा असतो.

यावरून जुन्या वाद्याच्या दुरुस्तीचा नियमही निघतो. एकाच द्रव्याची तार दहा टक्के जाड घेतली, तर त्याच स्वरास एकूण ओढ एकवीस टक्के वाढते. ती ओढ दांडीस व तबलीस सोसावी लागते. तबली एकदा खचली की घोडीची बैठक बदलते, आणि मूळ नाद कसा होता याचा पुरावाच नष्ट होतो. म्हणून तार निवडताना आधी वाद्याची लांबी मोजावी, त्याचा स्वर निश्चित करावा, आणि मगच द्रव्य व जाडी ठरवावी. नावाची व्युत्पत्ती या कामी साहाय्यक ठरते. निर्णायक ठरत नाही.