पोर्ट २१ ची गोष्ट

तर मंडळी, गोष्ट २०१७ ची. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सांगलीत मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि त्याची चार पानी वेबसाईट बनवायचं काम अर्थातच 'कॉम्प्युटरवाल्या' भाच्याच्या गळ्यात पडलं. पानं झाली. फाइलझिला उतरवलं, मामाचा पासवर्ड टाकला, आणि... काहीच नाही. लॉगिन व्हायचं, पण फायलींची यादी काही येईना.

रूममेट म्हणाला, "पॅसिव्ह कर." केलं. यादी आली! का आली, ते तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. परवा एका शनिवारी ते शोधायला बसलो आणि थेट १९७१ मध्ये जाऊन पोचलो.

एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ चा, आरएफसी ११४. लिहिणारा एमआयटीतला विद्यार्थी, अभय भूषण. मूळचा अलाहाबादचा, आयआयटी कानपूरच्या अगदी पहिल्या बॅचचा! वेब यायला अजून जवळजवळ वीस वर्षं होती. अर्पानेटवर मोजकी मशीन्स होती, आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नव्हतं. पीडीपी-१० चा शब्द ३६ बिटांचा, आयबीएम ३६० चा ३२ चा. एकाकडे अक्षरं आस्की, दुसऱ्याकडे एब्सिडिक. फाइल नुसती पाठवून भागत नव्हतं, ती पलीकडे वाचताही यायला हवी होती. फाइलझिलाच्या मेनूत 'आस्की' आणि 'बायनरी' हे पर्याय दिसतात ना, ते तिथूनच आलेत.

पुढच्या आवृत्त्यांत हुकूम आणि फायली यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. हुकूम पोर्ट २१ वर, फायली दुसऱ्या कनेक्शनवर. गंमत म्हणजे हे दुसरं कनेक्शन सर्व्हरने उघडायचं. आपण फक्त आपला पत्ता सांगायचा, तो उलटा आपल्याकडे येणार. ज्या काळात प्रत्येक मशीनला स्वतःचा खरा पत्ता होता, तेव्हा हे बिनबोभाट चालायचं. माझा लॅपटॉप मात्र होस्टेलच्या राउटरमागे. सर्व्हर बिचारा बाहेरून दार ठोठावतोय, आणि वॉचमन त्याला आत सोडत नाही! पॅसिव्हमध्ये दोन्ही कनेक्शन्स आपणच उघडतो, म्हणून यादी आली. फायरवॉलचा जमाना आल्यावर, १९९४ मध्ये, स्टीव्ह बेलोविन यांनी एक आख्खी आरएफसी लिहून क्लायंटांनी पॅसिव्हच वापरावं असं सुचवलं होतं. मी २३ वर्षं उशिरा शिकलो. असो.

खरा धक्का पुढे आहे. त्याच रात्री रूममेटने वायरशार्क उघडलं. होस्टेलचं वायफाय बिनपासवर्डचं. मी पुन्हा लॉगिन केलं, आणि त्याच्या स्क्रीनवर मामाचा पासवर्ड जसाच्या तसा उमटला. कूटलेखन वगैरे काही नाही. एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या नेटवर्कसाठी लिहिलेला प्रोटोकॉल तो, चोर कोण असणार होतं? १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी आरएफसी ९५९ लिहून त्याला आजचं रूप दिलं, तेव्हाही पासवर्ड उघडाच राहिला.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असेच पासवर्ड चोरले. तिथल्या टाटू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. त्यांना टेलनेट आणि एफटीपी या दोघांची जागा घ्यायची होती. टेलनेट पोर्ट २३ वर, एफटीपी २१ वर, मधला २२ रिकामा. त्यांनी जुलैमध्ये मेल करून तो मागितला, आणि दुसऱ्याच दिवशी मिळालासुद्धा. उत्तरात सही कुणाची? जॉइस रेनॉल्ड्स यांची! एफटीपीचा मसुदा लिहिणाऱ्या बाईंनीच त्याच्या वारसाला शेजारचं घर दिलं.

याच एसएसएचच्या पोटात पुढे एसएफटीपी आलं. नावात एफटीपी असलं तरी हा वेगळाच प्रोटोकॉल आहे, एकाच कनेक्शनवर सगळं, तेही कुलूपबंद. (एफटीपीएस म्हणजे जुन्या एफटीपीवर टीएलएसचं चिलखत. यात गल्लत करू नका.) २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही एफटीपी काढून टाकलं.

तेव्हा सॉफ्टवेअर निवडताना फाइलझिला की विनएससीपी यावर भांडू नका, दोन्ही चांगली आहेत. प्रोटोकॉलच्या रकान्यात काय निवडलंय ते आधी बघा. आणि पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा विचारला जातो, तिथे डोळे मिटून 'ओके' दाबू नका.

त्या रात्री मामाला फोन केला. "मामा, वेबसाईटचा पासवर्ड बदलायला लागेल."

"बदल की. पण अरे, मेलला आणि बँकेलापण तोच आहे."

रात्री साडेअकराला फोनवरून एकेक पासवर्ड बदलत बसलो होतो आम्ही. मामा अजूनही मला वेबसाईटचंच श्रेय देतो. मला मात्र तो फोनच आठवतो.